सालोमीमावशीचा अभिप्राय

माझ्या लाल पेनाला वसईपासून शहापूरपर्यंतचे वृद्धाश्रम घाबरायचे, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. संस्थांची वार्षिक तपासणी करायची, शंभरपैकी गुण द्यायचे आणि गुणांवरून श्रेणी ठरवायची, हे माझं काम. ऐंशीपासून वर अ, साठपासून वर ब, त्याखाली क. सलग दोन वर्षं क मिळाली की संस्थेची मान्यता रद्द व्हायची आणि तिथल्या म्हाताऱ्या माणसांना जागा असेल तिथे हलवलं जायचं. मी कुठल्याही संस्थेत चहा घेत नसे. पाणीसुद्धा माझ्या बाटलीतलं. 'लतिका परुळेकर येणार' ही बातमी माझ्या आधी पोचायची, आणि मी पोचेपर्यंत पडद्यांना साबणाचा वास येत असायचा.

त्याहून चीड यायची ती पढवलेल्या उत्तरांची. जेवण कसं असतं? छान. झोप लागते का? छान. एकदा तर एका आजोबांनी मी नाव विचारलं तरी 'छान' म्हणून सांगितलं. म्हणून मी माझी एक युक्ती काढली होती. हजेरीवही उघडायची, डोळे मिटून एका नावावर बोट ठेवायचं आणि त्या माणसाशी एकट्याशी बोलायचं. तो जे बोलेल ते तसंच्या तसं उतरवायचं. जो कौतुक करेल तो पढवलेला आणि जो तक्रार करेल तो खरा, असं माझं ठाम मत होतं. बारा वर्षं मी त्या मतावर नोकरी केली.

२००२च्या फेब्रुवारीत मी पाचूबंदरच्या 'किनारा' वृद्धाश्रमात गेले. बैठं कौलारू घर, पुढे अंगण, मागे खाडी. चौदा बायका, दोन मदतनीस आणि सगळं बघणाऱ्या कॅथरीनताई. कॅथरीनताई गावातल्याच, मास्तरांची मुलगी. मुंबईत नर्सिंग शिकून तिथल्या इस्पितळात पंचवीस वर्षं काढून परत आलेल्या. आदल्या वर्षी दुसऱ्या निरीक्षकांनी या संस्थेला क दिला होता. म्हणजे या वेळी साठच्या खाली गेली की संपलं. हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

पडदे धुतलेले नव्हते. ते मला बरं वाटलं. पण अंगणात पाऊल टाकलं आणि कपाळाला काहीतरी ओलसर लागलं. बघते तर दोरीवर बोंबील वाळत घातलेले, आणि दोरी इतकी खाली बांधलेली की माझ्यासारख्या बुटक्या बाईच्याही डोक्याला लागावी.

"हे काय आहे?"

"बोंबील, मॅडम."

"ते दिसतंय मला. ये-जा करायच्या वाटेत दोरी? एखादी म्हातारी अडकून पडली म्हणजे?"

कॅथरीनताई काहीतरी सांगायला लागल्या, पण मी पेन काढलं होतं आणि पेन काढल्यावर मी ऐकत नसे. सुरक्षितता, तीन गुण वजा. पुढे खाटा बघितल्या. सगळ्या भिंतीला समांतर ओळीत, एकच तेवढी आडवी, खिडकीला चिकटवलेली. शिस्तीचा एक वजा. औषधांची नोंद चोख होती, संडास स्वच्छ होते, स्वयंपाकघरात झाकणं होती. कपाटं पुरेशी नव्हती, रात्रपाळीला एकच बाई होती. अभिप्राय सोडून बाकीचे गुण ऐंशीपैकी होते, त्यांत चोपन्न झाले. राहिले अभिप्रायाचे वीस. त्यांतले सहा मिळाले की संस्था वाचत होती.

मी डोळे मिटून हजेरीवहीवर बोट ठेवलं. सालोमी, वय अठ्ठ्याहत्तर, मासळी विक्रेती, अपत्य नाही, चार वर्षांपासून दाखल.

कॅथरीनताईंच्या चेहऱ्यावर हसू आलं. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "आमची सालोमीमाय. बोला, मी स्वयंपाकघरात जाते."

आडवी खाट तिचीच होती. बाई हाडापेराने दणकट, दोन्ही खांदे मात्र आखडलेले. गळ्यात क्रूस, आणि आवाज असा की अख्ख्या बंदरावर ऐकू जावा. तिने मला नखशिखान्त न्याहाळलं.

"तू काय त्या सरकारची? घर ठेवायचा का नाय, तां तूच ठरवनार?"

"हो मावशी, तसंच समजा. खरं खरं सांगा. जेवण कसं असतं इथं?"

तिने नाक मुरडलं. "जेवान? वरन म्हंजे नुसता पानी. आनि मासला देतान तो बारका. काट्याला मांस नाय."

"मासे कधी असतात?"

"रोज. पन बारका."

मी लिहिलं, 'वरण पातळ. मासे निकृष्ट.'

"झोप लागते का?"

"कशी लागनार? खाट टोचते. ही खिडकी हाय ना, रातभर खाडीचा वारा येतो." बोलताना तिचा एक हात खाटेच्या पट्टीवर होता. चांगला घट्ट.

"कॅथरीनताई कशा वागतात?"

"कॅथरीन? फटकल हाय. तोंडाला काय लगाम नाय तिच्या. रोज पाय चोलते माझं, तेवी दाबून दाबून. दुकतंय म्हटला तरी आयकत नाय."

स्वयंपाकघरात भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. मी लिहीत गेले. कर्मचाऱ्यांचे वर्तन, फटकळ. तक्रारींकडे दुर्लक्ष. बारा वर्षांत इतका न पढवलेला अभिप्राय मला मिळाला नव्हता. मनातून मी खूशच होते, हे आज कबूल करायला लाज वाटते.

शेवटचा प्रश्न माझा नेहमीचा. "मावशी, कामणच्या पुढे एक मोठी संस्था आहे. प्रत्येकीला कपाट, पंखा, टीव्ही. तिथं जायला आवडेल?"

तिने खिडकीबाहेर बघितलं. "लय चांगली असंल ती," म्हणाली. "दुसऱ्या कोनाला दे."

बाई किती समंजस, असं मला वाटलं. स्वतःला सुख नको, दुसऱ्याला मिळावं. तेही मी लिहिलं आणि अभिप्रायाला वीसपैकी चार दिले.

कॅथरीनताई ओट्याशी पाठ करून उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. न ऐकून करतील काय, तो आवाजच तसला.

"किती कमी पडले?" त्यांनी विचारलं.

"दोन."

त्यांनी हात जोडले नाहीत, रडल्या नाहीत, 'मॅडम, बघा ना काही' असंही म्हणाल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "चार वर्षं रोज चोळते हो तिचे पाय. दुखतंय हे मला कधी कळलंच नाही." मग त्यांनी ओलं फडकं झटकलं आणि वाळत घातलं. अहवालावर त्यांची सही घ्यायची राहिली होती, पण त्या क्षणी कागद पुढे करायला माझाही हात धजेना. थोड्या वेळाने येते म्हणून मी बाहेर पडले.

आता माझी खोड सांगते. मन बिघडलं की मी बाजारात जाते. घरी आईला बांगडे हवे होते, आणि बंदरावरचा बाजार दहा मिनिटांवर होता. माझी आई मूळची वेंगुर्ल्याची. तेव्हा तिला गोखिवऱ्याच्या माझ्या घरात येऊन सहा वर्षं झाली होती आणि सहा वर्षं ती तिथल्या पाण्याला नावं ठेवत होती. मी आणलेल्या माशांनाही ठेवतेच. त्यामुळे मासे घेताना मी फार चोखंदळ झाले आहे.

बाजारात शकू नावाची एक कोळीण बसायची. तिच्यासमोर बांगड्यांचा एक वाटा होता, सहा बांगडे, निळसर, डोळे चकचकीत. बघताक्षणी मला तोच हवासा झाला.

"काय गं हे, मऊ पडलेत की," मी म्हटलं.

"मऊ? बाई, आता बोटीवरनं उतरलेत."

"कल्ले बघ काळे पडलेत. कालचे दिसतायत. आणि एवढेसे. यांत काय खायचं?"

शकू हसायला लागली. "बाई, एवडा वाईट हाय तं हात उचला ना माझ्या वाट्यावरना. दुसरा गिऱ्हाईक घेल."

मी खाली बघितलं. माझा डावा हात बांगड्यांवर होता. कधी ठेवला ते मलाही कळलं नव्हतं. घट्ट ठेवला होता.

"आमच्या सालोमीमायची शिकवन दिसते तुमाला," शकू म्हणाली.

"कोण सालोमी?"

"किनाऱ्यात असते ती. पूर्वी होलसेलला घ्यायची बोटीवरना. तिच्यावानी घासाघीस करनारी बाई बंदरावर झाली नाय. जो ढीग पायजे त्याला अशी नावं ठेवायची, अशी नावं ठेवायची, की नाखव्याला वाटावा आपन मासला नाय, शेन आनलाय. तोंडानं नावं आनि हात ढिगावर. तारीफ केली का भाव चडला, नायतर दुसऱ्यानं उचलला. हात उचलला नाय ना, का समजायचा, हिला हाच पायजे."

मी विचारलं, "आणि जो नको असायचा तो?"

"त्याच्याकडं बगायची नाय. नाखवा मागं लागला तं म्हनायची, लय चांगला हाय रे, दुसऱ्या कोनाला दे."

मी हातातली पिशवी खाली ठेवली. शकू बोलतच होती. तिला तर सालोमीमायचे किस्से सांगायला गिऱ्हाईक मिळालं होतं. "आनि भाव नाय जमला तं सरल उठून चालू पडायची. मागं वलून बगायची नाय. नाखवा म्हनायचा, जा, जा, या वेलेला हाक मारनार नाय. पन ती धा पावलां गेली का मारायचाच. काय करनार, तीवी हाकेसाठीच चालायची ना."

माझा डोंबिवलीचा भाऊ दर दिवाळीला आईला त्याच्याकडे बोलावतो. दर दिवाळीला आई म्हणते, तुझ्याकडचं पाणी चांगलं आहे रे बाबा, आणि जात नाही. हे मला तेव्हा, त्या बाजारात, बांगड्यांवर हात ठेवून आठवलं. माझ्याकडे तिला काहीच आवडत नाही, या दुःखात मी सहा वर्षं घालवली होती. इतका मूर्खपणा मी माझ्या कुठल्याही संस्थेत खपवून घेतला नसता.

"वाटा ठेव बाजूला, मी येते," म्हणून मी निघाले ती जवळजवळ पळतच.

फाटकाशी पोचले आणि थबकले. सगळ्या बायका ओसरीवर उभ्या होत्या. पायरीवर कॅथरीनताई, डोळे लाल. आणि अंगणाच्या मधोमध सालोमीमावशी. काखेत गाठोडं, पायात रबरी चपला, मान ताठ. फाटकाच्या दिशेने एकेक पाऊल टाकत येत होती. माझ्याकडे तिचं लक्षच नव्हतं. तिचं सगळं लक्ष पाठीमागे होतं.

"काय झालं?" मी विचारलं.

"रागात बोलून गेले मी," कॅथरीनताई तिथूनच म्हणाल्या. "म्हटलं, नावं ठेवलीस आणि घर गेलं आपलं. तुला नकोच होतं ना? मग जा. तर उठली आणि गाठोडं बांधलं. जाऊ दे तिला, मॅडम. चार वर्षांत एकदाही बरं म्हणाली नाही. मी कुणाला बळंबळं ठेवून घेणार नाही."

सालोमीमावशीने आणखी एक पाऊल टाकलं. वाटेत बोंबलांची दोरी आली. तिने आखडलेला हात जेमतेम खांद्यापर्यंत उचलला, एक बोंबील चाचपून पाहिला, उलटा केला आणि दोरीखालून वाकून पुढे आली. तिचा हात त्याच्या वर जात नव्हता. दोरी बरोबर तिच्या हाताच्या उंचीवर बांधलेली होती, आणि मी त्याचे तीन गुण कापले होते.

आता फाटकाला सातआठ पावलं उरली होती. मावशीची चाल मंदावली. आणखी मंदावली. तिच्या ताठ मानेतून आता काळजी दिसायला लागली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात धा पावलांच्या आत हाक आली नाही, असं बहुधा पहिल्यांदाच होत होतं. जावं तर जायचं कुठे, थांबावं तर आजवर कमावलेलं नाव जायचं. मला इतकं भरून आलं की मी फाटकातूनच ओरडले.

"कॅथरीनताई, हाक मारा!"

"कशाला? जायचंय तिला."

"जायचं नाहीये हो तिला! बाजारातली बाई आहे ती. हाकेसाठी चालतेय. मारा हाक!"

कॅथरीनताई माझ्याकडे बघत राहिल्या. मग मावशीच्या पाठीकडे.

"सालोमीमाय!" त्यांचा आवाज फाटला. "ये गो माघारी!"

मावशी जागच्या जागी थांबली. लगेच वळली नाही. वळण्याआधी गाठोडं नीट केलं, क्रूस सरळ केला, डोळे पदराने पुसले. ते मला दिसलं, कारण मी समोर होते. मग ती वळली आणि पूर्ण ताकदीने कडाडली.

"एवडा येल लागतो काय गो हाक माराया? पाय मोडला माझा चालून चालून!"

कॅथरीनताई धावत आल्या आणि त्यांनी तिला गाठोड्यासकट मिठी मारली. दोघी दोरीपाशी उभ्या राहून रडल्या, आणि रडता रडता मावशी, "दाबू नको गो, दुकतंय," म्हणत होती. ओसरीवरच्या यमुनाबाई, त्यांनीही जन्मभर अर्नाळ्यात मासळी विकलेली, शेजारणीला म्हणाल्या, "मना ठावूक व्हता. पन आमाला इचारतां कोन?" खरंच होतं. मी डोळे मिटून एकाच नावावर बोट ठेवत होते.

मी आत जाऊन अहवाल परत उघडला. दोरीचे तीन गुण परत दिले. पुढे लिहिलं, 'दोरी लाभार्थीच्या हाताच्या उंचीला बांधली आहे.' आडव्या खाटेचा एकही परत दिला, कारण त्या खाटेवर उशीला डोकं टेकलं की खाडीतल्या होड्या दिसतात, हे मी स्वतः आडवी होऊन पाहिलं. मावशीने तेवढ्यातही सुनावलं, "चपला काड गो."

मग मी तिच्याशेजारी बसले. "मावशी, अभिप्राय परत घ्यायचाय. हे घर कसं आहे ते मी विचारत नाही. किती दिवस राहणार तेवढं सांगा."

तिने माझ्याकडे बघितलं. तिला कळलं की मला कळलंय. खाटेच्या पट्टीवरचा हात तिने मुद्दाम उचलला, माझ्या हातावर ठेवला आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाली, "मरेस्तवर रानार, पोरी. हितून नको नेऊ मना."

अभिप्रायाच्या रकान्यात मी तिचं बोलणं जसंच्या तसं ठेवलं. वरण पातळ, मासे बारके पण रोज, खाट टोचते, पाय रोज चोळतात पण दाबून. शेवटी, 'मरेपर्यंत इथेच राहणार.' वीसपैकी अठरा दिले. एवढ्या तक्रारी आणि एवढे गुण कसे, असा लेखी खुलासा कार्यालयाने पुढे मागितला. मी तो तीन पानं दिला आणि सोबत म्हटलं, पटत नसेल तर एकदा मासळीबाजारात जाऊन या. किनाऱ्याला ब मिळाला.

पण ते नंतरचं. त्या दिवशी कॅथरीनताईंनी सही केली, मी पेनाला टोपण लावलं आणि त्या सवयीने म्हणाल्या, "तुम्ही तर चहा घेत नाही, मॅडम."

"आणा," मी म्हटलं.

स्टीलच्या पेल्यातून चहा आला. आल्याचा, गोड, माझ्या आईच्या हातचा असतो तसा. चौदा बायका माझ्याकडे बघत होत्या. कॅथरीनताईंनी घाबरत विचारलं, "कसा झालाय?"

मी एक घोट घेतला आणि नाक मुरडलं. "पाणचट आहे. आलं जास्त झालंय. आणि पेला केवढासा हा." दोन्ही हातांनी मी तो पेला घट्ट धरला होता.

कॅथरीनताईंचा चेहरा उतरला. पण सालोमीमावशी पुढे वाकली, माझ्या हातांकडे नीट बघितलं, आणि तिच्या बोळक्या तोंडावर हसू पसरलं.

"दे गो तिला आजून," ती म्हणाली. "घेनारी हाय ही."